पंधरा पावत्या, एकच नंबर

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात माझं सेतू केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, शाळा उघडल्या की जातीच्या दाखल्यांची रांग, हे माझं रोजचं काम. खुर्चीमागच्या भिंतीवर मीच चिकटवलेला कागद आहे : 'ओटीपी कोणालाही सांगू नका'. त्या कागदाखाली बसून मी एका भामट्याच्या खोट्या पावत्या स्वतःच्या प्रिंटरवर छापल्या. पंधरा प्रती, त्याही रंगीत. सांगायला लाज वाटते. पण ही लाजच त्या माणसाचं भांडवल आहे, हे मला उशिरा कळलं, म्हणून सगळं लिहितोय.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. सपाट काळी जमीन, पावसाळ्यात पायाला किलोभर चिखल, आणि डोंगर म्हणाल तर आभाळ स्वच्छ असलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेवढाच. त्यामुळे मोबाईलवर नरनाळा किल्ल्याची जाहिरात आली तेव्हा जीव हरखला. हिरवागार डोंगर, दरवाज्यावरून ओघळणारं पाणी, 'श्रावण स्पेशल एकदिवसीय ट्रेक'. माणशी १,१५० रुपये. त्यात दर्यापूरहून जाणं-येणं ट्रॅव्हल्सने, सकाळी पोहे आणि चहा, दुपारी चुलीवरचे रोडगे आणि वांग्याची भाजी, गाईड, वनविभागाचा परवाना, विमा. आणि खाली बारीक अक्षरात : 'दहा किंवा जास्त माणसं आणणाऱ्याला ट्रेक मोफत'.

मी फसलो तो या ओळीत. १,१५० रुपये वाचतील म्हणून नाही. तेवढ्याने माझं काही अडलं नव्हतं. पण फुकटच्या नादात मी ग्राहक होतो तो त्याचा एजंट झालो, आणि ते मला कळलंही नाही. केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलो. चौदा माणसं जमली : शाळेतले दोन गुरुजी, त्यातल्या एकाच्या घरच्या वहिनी, शेजारच्या काकू, बी.ए.ला असलेली चार पोरं, कृषी केंद्रवाला मित्र, असे. यातल्या एकानेही त्या आयोजकाशी एक शब्द बोललेला नव्हता. सगळ्यांनी पैसे माझ्याकडे दिले, कारण त्यांचे दाखले माझ्याकडून निघतात, सातबारा माझ्याकडून निघतो. मी म्हटलं म्हणजे बरोबरच असेल.

पैसे पाठवताना पहिली ठेच लागली होती. नंबर टाकला की बँकेत नोंदलेलं नाव स्क्रीनवर येतं, तसं आलं, आणि ते एका बाईचं होतं. फोन करून विचारलं. "सर, माझं आजचं लिमिट संपलंय, मावशीचं खातं आहे." मला पटलं. म्हणजे पटवून घेतलं. दिवसाला लाखाची मर्यादा असते, तीही पैसे पाठवण्याची, हे मी लोकांना सांगतो. ज्याची ती संपते त्याच्याकडे किती बुकिंग येत असेल, असा उलटा विचार डोक्यात आला आणि भरवसा वाढलाच. १६,१०० रुपये पाठवले.

ट्रेकच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, पुन्हा मेसेज. वनविभागाने पावसाळ्यासाठी जादा परवाना शुल्क लावलंय, माणशी १५०, आणि प्लास्टिकची अनामत १००, 'उतरताना बाटल्या दाखवा, पैसे परत'. ही अनामतीची युक्ती मला फार आवडली, खरं सांगतो. किती जबाबदार माणूस, असं वाटलं. मला ट्रेक फुकट असला तरी परवाना नव्हता, म्हणून पंधरा जणांचे ३,७५० गेले. सोबत त्याने सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले, 'परवान्यावर नावं चढवायला'. तेही मीच गोळा करून पाठवले. संध्याकाळी पावतीची फाईल आली. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, सही. मी प्रिंट काढली, नावानिशी पिशव्यांत घातली आणि वाटली.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी पहाटे पाचला ट्रॅव्हल्स आली. हे महत्त्वाचं आहे. लोकांना वाटतं फसवणूक म्हणजे गाडीच येत नाही. आमची गाडी आली, वेळेवर आली. 'लीडर' आला, पंचविशीचा, पावसाचं जाकीट, गळ्यात शिट्टी, सगळ्यांना 'सर', 'मॅडम'. अकोट येईस्तोवर गाडीत त्रेचाळीस माणसं झाली. पोहे मिळाले, चहा मिळाला. गाडीत त्याने घोषणा दिल्या, पोरांना गाणी म्हणायला लावली, किल्ल्याची माहिती सांगितली. ती माहिती कुठल्याही किल्ल्याला चिकटेल अशी होती : मावळे, कडा, गनीम, दोर. गुरुजींनी हळूच विचारलं, की नरनाळ्यावर मावळे कधी आले? तो हसला आणि शिट्टी वाजवली.

अकोटवरून पोपटखेड, पुढे शहानूर. पाऊस बारीक धरून होता. शहानूरला वनविभागाचं गेट आहे. किल्ला मेळघाटच्या जंगलात येतो, त्यामुळे तिथे नोंद केल्याशिवाय वर जाता येत नाही. वनरक्षक ताईंनी माझ्या हातातली पावती घेतली, उलटसुलट पाहिली.

"हे पावती आमची नाही भाऊ. कोनं देल्ली तुमाले?"

मी लीडरकडे पाहिलं. तो पुढे झाला, म्हणाला, "मॅडम, ऑनलाईन आहे, ऑफिसमधून आलीय." ताईंनी माझी आणि गुरुजींची पावती शेजारी ठेवली आणि बोटाने नंबर दाखवला. दोन्हींवर एकच क्रमांक. मग सगळ्यांच्या मागवल्या. पंधराही पावत्यांवर तोच एक क्रमांक. आणि शिक्क्यात 'वनपरिक्षेञ अधिकारी'. त्र नाही, ञ. अर्ज टाईप करताना लोक ही चूक करतात तेव्हा मी त्यांच्यावर डाफरतो. पंधरा वेळा माझ्या प्रिंटरमधून तो ञ बाहेर पडला आणि मला दिसला नाही.

"पाच मिनिटं थांबा, मी अकोटला ऑफिसात जाऊन क्लिअर करून येतो," असं म्हणून लीडर गाडीमागून आलेल्या एका दुचाकीवर बसला. शिट्टी सीटवरच राहिली. साडेनऊ वाजले होते. अकराला आम्ही म्हणत होतो, पावसामुळे अडकला असेल. बारापर्यंत त्याचा फोन वाजत होता, मग बंद. तिथे रेंज येते-जाते, त्यामुळे आणखी तासभर आम्ही दोष नेटवर्कला देत राहिलो. माणूस वाईट आहे हे मान्य करण्यापेक्षा टॉवर वाईट आहे हे मान्य करणं सोपं जातं.

ड्रायव्हर तोवर गाडीखाली बसून तंबाखूचा खर्रा घोटत होता. तो उठला आणि म्हणाला, "मले चौदा हजार सांगतले होते. पाच भेटले. बाकीचे नऊ परत जाच्या वक्ती भेटनार होते. तुमी पाहा आता." म्हणजे तोही फसलेलाच. त्याच्याशी भांडून काही उपयोग नव्हता, डिझेल त्याने टाकलेलं होतं. त्रेचाळीस जणांनी माणशी २१० काढले.

हे पैसे जमवताना जे झालं ते मी विसरणार नाही. मूर्तिजापूरकडचा एक जण माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, मी तं फुकट आलो ना. मी कसे मागू यांना?" मी म्हटलं, मीही. मग अकोटचा एक, अकोल्याच्या एक ताई. चौघे. एक मेडिकलवाला, एक शिकवणीवाला, एक बचत गटाचं काम पाहणाऱ्या ताई, आणि मी सेतूवाला. चौघेही असे, की गावात ज्यांच्या शब्दावर लोक पैसे काढून देतात. त्या पोराने त्रेचाळीस माणसं फसवली नव्हतीच. चार फसवली, बाकीची आम्ही फसवून दिली. गाडीच्या आडोशाला आम्ही चौघे उभे होतो आणि एकमेकांकडे पाहवत नव्हतं.

रोडगे अर्थातच नव्हते. शेजारच्या काकूंनी मात्र पिशवीतून ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा काढला. "दुसऱ्याच्या जेवनाच्या भरोशावर कोन घरून निंगते बाप्पा," एवढंच म्हणाल्या. पंधरा जणांना अर्धी-अर्धी भाकर आली. बाकीच्यांनी टपरीवरची भजी संपवली.

पोरांचं म्हणणं पडलं की आलोच आहोत तर किल्ला पाहू. खिडकीवर रीतसर पैसे भरले. वनविभागाचं माणशी शुल्क त्या १५० च्या मानाने किती तरी कमी होतं, हे तिथेच कळलं. गावातला गाईड घेतला. महाकाली दरवाज्याशी पोचलो तेव्हा ढग खाली उतरले होते. कमळं, जाळ्या, वर कोरलेली अक्षरं, सगळ्यावरून पाणी निथळत होतं. गाईड सांगत होता, हा दरवाजा १४८७ मधला, बहामनी सुलतानाच्या वेळचा, फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कने बांधलेला. त्याच इमाद-उल-मुल्कने पुढे वऱ्हाडात इमादशाही उभी केली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. पुढे नऊगजी तोफ पाहिली, भिजलो, पोरांनी फोटो काढले. सुंदर जागा आहे, त्यात वाद नाही. मला मात्र त्या फोटोंत कुठेच उभं राहावंसं वाटलं नाही.

उतरताना गाईड जे बोलला त्यासाठी हा मजकूर आहे. म्हणाला, "गेल्या मयन्यातबी अशीच गाडी आलती. तोच पोरगा, तशीच पावती. लोकं इथीच सोडून गेला." मी विचारलं, त्यांनी तक्रार नाही केली? "काय मालूम भाऊ. म्हने, गावात कोनाले सांगू नका, हसतीन लोकं." त्या गाडीतल्या एकाने जरी तोंड उघडलं असतं तर आमची गाडी भरली नसती.

आणि तरी मी तेच केलं. रविवारी संध्याकाळी अकोटला रेंज आली तेव्हाच १९३० लावायला हवा होता. सायबर फसवणुकीचा हा नंबर माझ्या भिंतीवरच्या त्याच कागदावर छापलेला आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते काढून घ्यायच्या आत तक्रार पोचली तर बँक ती रक्कम रोखून धरते. सगळा खेळ तासांचा आहे. मी सोमवारी संध्याकाळी लावला. आधी बायकोला सांगायचं कसं, यात दिवस गेला. खात्यात ६१२ रुपये उरले होते, ते गोठवले.

मग पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या तोंडी अजून 'चारसोबीस'च बसलंय. हवालदार साहेब म्हणाले, १ जुलै २०२४ पासून ते कलम गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पैसे दिले कोणी? खात्यातून तर माझ्याच गेले होते. बाकी चौदा जणांकडे मला दिलेल्या रोख पैशांचा काहीही पुरावा नाही. म्हणजे कागदावर फसलेला मी एकटा, आणि त्या चौदा जणांच्या लेखी फसवणारा मी. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट पैसे पाठवले असते तर निदान प्रत्येकाची स्वतंत्र तक्रार झाली असती. आणि तिथल्या तिथे प्रत्येकाला ते बाईचं नाव दिसलं असतं. पंधरातल्या एकाला तरी ते खटकलं असतं.

आधारचं भ्या अजून आहे. चौदा घरांचे पूर्ण नंबर त्याच्याकडे गेलेत. ओळख म्हणून द्यायचंच असेल तर शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार डाउनलोड करता येतं. मी लोकांना ते काढून देतो, आणि स्वतः पूर्ण फोटो पाठवले. आता सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक करून दिलंय. पण त्याचीही एक कटकट आहे : लॉक असलं की रेशन दुकानात अंगठा लागत नाही, दर वेळी आधी उघडावं लागतं. काकू महिन्याचं धान्य आणायला गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मला काही बोलल्या नाहीत. केंद्रात येऊन बाकड्यावर बसल्या, फोन पुढे केला, म्हणाल्या, "उघडून दे बाबू."

चौदा जणांचे पैसे मी माझ्या खिशातून परत करतोय. पाच जणांचे झाले. गुरुजी घ्यायला तयार नाहीत. एका पोराच्या वडिलांनी घेतले, मोजले, आणि त्यानंतर उत्पन्नाचा दाखला काढायला ते दर्यापूरला जाऊन आले.

त्या भामट्याने मला ब्लॉक केलंय. काल बायकोच्या फोनवरून तो नंबर पाहिला. फोटो बदललाय. आता गाविलगड आहे, दरवाज्यावरचं गंडभेरुंड आणि मागे धुकं. पोळ्यानंतरचा पहिला रविवार, परतवाड्याहून गाडी, जेवणात रोडगे. 'फक्त ९ जागा शिल्लक. दहा माणसं आणणाऱ्याला मोफत.' परतवाडा, अचलपूर, अंजनगावकडचं कोणी हे वाचत असेल तर तुमच्या मेडिकलवाल्याला, शिकवणीवाल्याला, सेतूवाल्याला आजच विचारा, की त्याने कोणाची नावं गोळा करायला घेतली आहेत का.