मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा: वावरासाठी कोणता, बागेसाठी कोणता

वरुड-मोर्शी, काटोल-नरखेड या विदर्भातल्या संत्रापट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकीत फवारणीच्या ड्रोनचा विषय झाला की पाठोपाठ मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचा, म्हणजे उजेडातले रंग वेगवेगळे टिपून पिकाची तब्येत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, निघतो. विक्रेता लाल-पिवळा-हिरवा नकाशा पडद्यावर लावतो, सभासद माना डोलावतात, आणि चार दिवसांत कोटेशन येतं. सही करायच्या आधी कोणता कॅमेरा कुठे कामाचा आहे ते नीट पाहून घ्या.

निरोगी पान लाल उजेड शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड जोरात परत फेकतं. दोघांच्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा, निघतो. या दोन रंगांच्या मधे, साधारण 680 ते 750 नॅनोमीटरच्या दरम्यान, पानाचं परावर्तन एकदम चढतं. त्या चढाला रेड एज म्हणतात. हरितद्रव्य घटायला लागलं की फरक तिथे लवकर दिसतो. झाडोरा दाट झाला की एनडीव्हीआय एका पातळीवर जाऊन अडकतो, तेव्हा रेड एजच कामी येतो. म्हणून संत्र्यासाठी कॅमेरा बघत असाल तर रेड एज नसलेला बघूच नका.

आधी फुकटाचं बघू. युरोपचा सेंटिनेल-2 हा उपग्रह एका फेरीत 290 किलोमीटर रुंद पट्टा टिपतो. अकोला ते नागपूर हे अंतर त्यात आरामात मावतं. रंगपट्टे 13. लाल आणि अवरक्त 10 मीटरच्या चौकटीत (चित्राच्या सगळ्यात लहान ठिपक्यात) मिळतात, रेड एजचे तीन पट्टे 20 मीटरच्या. या नावाचे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तेच वावर पुन्हा दिसतं आणि चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर, मोबाईलवरही उघडतात. एकरात 10 मीटरच्या साधारण 40 चौकटी बसतात. पाच एकराच्या पऱ्हाटीत (कपाशीत) कोणता कोपरा मागे पडला, पाणी कुठे साचलं, हे कळायला तेवढ्या पुरतात.

आपल्या रिसोर्ससॅट या भारतीय उपग्रहाचा अ‍ॅविफ्स कॅमेरा तर 740 किलोमीटरचा पट्टा घेतो. पण त्याची एक चौकट 56 मीटरची, म्हणजे पाऊण एकराच्या आसपास. जिल्ह्याचा अंदाज बांधायला तो उत्तम. एकट्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळायचं नाही.

सेंटिनेलच्या दोन अडचणी. पहिली पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन डवरणी-फवारणीच्या दिवसांत, आभाळ गच्च असतं आणि चित्रात नुसते ढग येतात. दुसरी बागेची. 6 बाय 6 मीटरवर लावलेल्या संत्र्यात 10 मीटरच्या एका चौकटीत जेमतेम तीन झाडं येतात आणि त्यांच्यामधलं गवतही त्याच आकड्यात मिसळतं. एखाद्या झाडाच्या बुंध्याला डिंक्या (बुंध्यातून डिंक गळणारा रोग) लागला असेल, तर तो सेंटिनेलवर दिसण्याची आशा सोडा.

इथे ड्रोनचं काम सुरू होतं. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात.

मापिरचा सर्व्हे-3 सगळ्यात हलका आणि स्वस्तातला. एकच भिंग, एकच सेन्सर, वर तीन रंग सोडणारा फिल्टर. त्याच्या रुंद भिंगाचा आडवा कोन 87 अंशांचा, म्हणजे कमी फेऱ्यांत जास्त वावर. पण एकाच सेन्सरवर रंग एकमेकांत सांडतात, आणि कोन एवढा मोठा की फोटोच्या कडेला झाड वरून न दिसता बाजूनं दिसतं. एकच झाड मधल्या फोटोत एक आकडा देतं, कडेच्या फोटोत दुसरा. त्यामुळे फोटो भरपूर एकमेकांवर चढवून घ्यावे लागतात आणि वाचवलेल्या फेऱ्या तिथेच खर्ची पडतात. शिकायला ठीक आहे, बागेचा निर्णय मी त्यावर घेणार नाही.

मायकासेन्सच्या रेडएज-पीमध्ये प्रत्येक रंगाला वेगळं भिंग, वेगळा सेन्सर: निळा, हिरवा, लाल, रेड एज, अवरक्त. आडवा कोन 50 अंशांच्या आसपास. 100 मीटरवरून पट्टा साधारण 93 मीटरचा मिळतो आणि रंगाची चौकट साडेसहा सेंटिमीटरची. आकड्यांच्या भरवशात या तिघांत मी यालाच वर ठेवतो. महाग आहे, हे वेगळं सांगायला नको.

डीजेआयच्या मॅव्हिक-3 मल्टिस्पेक्ट्रलमध्ये हिरवा, लाल, रेड एज आणि अवरक्त असे चार कॅमेरे, शिवाय 20 मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा, सगळं ड्रोनमध्येच बसवलेलं. 61 अंशांचा कोन, 100 मीटरवरून 118 मीटरचा पट्टा आणि साडेचार सेंटिमीटरची चौकट. वापरायला सगळ्यात सोपा हाच. अडचण कागदांची आहे: 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. विक्रेता ‘मिळवून देतो’ म्हणाला, तर आधी यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) आणि टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलचं मान्यतापत्र) मागा. नसेल तर कॅमेरा वेगळा घेऊन देशी ड्रोनला बसवणं हाच सरळ रस्ता. उंची ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात, 400 फुटांपर्यंतच.

वेगवेगळी भिंगं असली की आणखी एक गोष्ट होते. कमी उंचीवरून उडवलं की पाच चित्रं एकमेकांवर नेमकी बसत नाहीत आणि फांद्यांच्या कडेला खोटी लाल किनार दिसते. ऑपरेटर ‘आणखी खाली घेऊ का, स्पष्ट येईल’ म्हणाला, तर नको म्हणा. उडायच्या आधी तो त्या दिवसाच्या उजेडाचं माप ठरवायला राखाडी पाटीचा फोटो घेतो, तेव्हाही जवळ उभे राहा. पाटीवर त्याचीच सावली पडली, तर त्या दिवसाचे सगळे आकडे वाकडे. उड्डाण भर दुपारच्या आगेमागे घ्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधल्या सावल्या आखूड राहतात.

आणि कॅमेरा कोणताही असो, तो रोगाचं नाव सांगत नाही. सप्टेंबरअखेर सोयाबीन पक्व होऊन पानं गाळतं आणि शेजारची तूर हिरवीगार असते. नकाशात सोयाबीनचे पट्टे लालभडक दिसतात आणि कोणीतरी येलो मोझॅक (पानं पिवळी पाडणारा रोग) म्हणून फवारणी सुचवतो. बागेतली लाल चौकट पाण्याच्या ताणानं असेल, कोळशीनं (पानांवरच्या काळ्या बुरशीनं) असेल, नाहीतर डिंक्यानं. झाडापाशी जाऊन बुंध्याची माती बाजूला केल्याशिवाय उलगडा होत नाही.

कापूस, सोयाबीन, तूर एवढीच पिकं असतील तर कॅमेरा विकत घेऊ नका. सेंटिनेल बघणारा एक पोरगा तयार करा, आणि ढगांच्या दिवसांत धुऱ्यावरून चक्कर मारा. संत्र्याचे सभासद जास्त असतील तर रेड एज असलेला कॅमेरा भाड्यानं आणा: एकदा आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या) फळगळीच्या तोंडावर आणि एकदा पावसाळा सरल्यावर. विकत घेण्याचा विचार दोन हंगामांचे नकाशे हाती आल्यावर, तोही उडवणारा आणि फोटो जोडणारा माणूस गावातच असेल तर.

भाड्याच्या करारात एक ओळ नक्की टाका: रंगीत पीडीएफ चालणार नाही, प्रत्येक रंगपट्ट्याची जिओटिफ फाइल (जागेसकट मूळ आकडे ठेवणारी) आणि पाटीचे फोटो द्यायचे. पुढल्या वर्षी दुसरा ऑपरेटर आला तर तुलना या फायलींवरूनच करता येईल, पीडीएफवरून नाही.