तीन शेव्हर आणि मानेवरचा एक भोवरा

माझ्या मानेला, कंठमण्याच्या डाव्या अंगाला, एक भोवरा आहे. तिथले केस खाली न येता आडवे कानाकडे पळतात. वीस वर्षं मी ते रेझरनं उलटे ओढले आणि वीस वर्षं तिथं लाल पुटकुळ्या सांभाळल्या. केस आतल्या आत वळून कातडीत अडकायचे. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ब्लेड बंद. दाढी वाढवा नाहीतर मशीन घ्या. आता मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिअरिंग खातं बघतो. दाढी वाढवली असती तर संध्याकाळपर्यंत तिच्यात उशी भरेल एवढं तूस जमलं असतं. म्हणून मशीन.

शिअरिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टॉवेलच्या एका बाजूचे फंदे कापून मखमलीसारखा पृष्ठ काढायचा असतो. पीळ दिलेली पाती बसवलेला रूळ फिरतो, खाली एक स्थिर पातं असतं, आणि दोघांच्या मधे आलेला फंदा कातरला जातो. त्याआधी ब्रशनं पाईल, म्हणजे टॉवेलवरचे फंदे, उभी करावी लागते. झोपलेली पाईल कापली जात नाही. आणि रूळ केसभर खाली घेतला की खालचा ताणा, म्हणजे कापडाचा उभा धागा, कापला जातो, माल दुय्यम दर्जात. इलेक्ट्रिक शेव्हर हेच करतो. वर भोकांची स्थिर जाळी, खाली पळणारं पातं. कात्रीच ती. वस्तरा नव्हे. हे डोक्यात शिरायला मला स्वतःला तीन महिने लागले, हे खात्यात कुणाला सांगितलेलं नाही.

पहिलं घेतलं ते फिलिप्सचं, ९००० मालिकेतलं, तीन गोल डोक्यांचं. ही गोल पद्धत त्यांची जुनी आहे, १९३९ पासूनची. जाळीचं मशीन, म्हणजे पातळ जाळीखाली पातं गोल न फिरता इकडून तिकडं पळणारं, ब्राउननं १९५० मधे आणलं. आणि मुळात विजेवरचा रेझर बाजारात आणला तो अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेल्या जेकब शिक यांनी, १९३१ मधे. गोल डोक्यांचं मशीन मी रेझरसारखंच वरून खाली ओढत होतो. ते लहान लहान गोलात फिरवायचं असतं. तसं फिरवायला लागल्यावर भोवरा पहिल्यांदाच मुकाट्यानं वळला, कारण गोल डोक्याच्या खाचांना केस कुठल्या दिशेचा याची फारशी पर्वा नसते. दोन-तीन दिवसांची दाढी असली तरी ते अडत नाही. पण उलटा हात फिरवला की खरखर थोडी उरते. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत बसणाऱ्याला ती जाणवेल. मला कारखान्यात चालली.

मग हाव सुटली. ब्राउनचं सिरीज ९ प्रो घेतलं, वीस हजारांच्या पुढे गेलो, घरी आकडा जरा खाली आणून सांगितला. "अहो, एवढ्यात शिलाई मशीन आलं असतं की," असं ऐकून घेतलं. त्यात दोन जाळ्या आणि मधे झोपलेले केस उचलून धरणारी पाती आहेत, त्यातलं एक सोनेरी. आमच्या खात्यातला ब्रश तो हाच. मानेवर सपाट पडलेला केस आधी उभा करतो, मग जाळी घेते. डोकं एका जागी पक्कं करायची सोय आहे, नाकाखाली तीच कामाला येते.

तिसरं पॅनासॉनिकचं आर्क ५. हे पुण्यातल्या भाच्याचं. त्यानं दाढी ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुम्हीच न्या, तुमच्याकडं तसंही दुकान झालंय." जाळी आणि आतली पाती दोन्ही नवीन बसवून मगच तोंडाला लावलं. दुसऱ्याचं मशीन तसंच वापरू नका, अगदी भावाचंसुद्धा. पाच पाती, मिनिटाला १४,००० फेऱ्यांची लिनिअर मोटर. फिरत्या मोटरची गती दांड्यांनी वळवून न घेता पातं थेट चुंबकाच्या जोरावर इकडून तिकडं पळतं. यानं गुळगुळीत होणारा गाल मला अजून दुसऱ्या कशानं मिळालेला नाही. ब्राउनवाले मिनिटाला ४०,००० कापण्या म्हणतात, तो आकडा या १४,००० शेजारी ठेवून तुलना करू नका. एक जण पात्याच्या फेऱ्या मोजतो, दुसरा कातरण्याच्या क्रिया. मीटर आणि किलो.

पण भोवऱ्यावर दोन्ही जाळीवाली मशीनं आधी फसली, आणि चूक माझीच. जाळीचं मशीन सरळ रेषेत, केसांच्या उलट दिशेनं न्यायचं असतं. मी गालाच्या सवयीनं खालून वर नेत होतो, तिथले केस आडवे. मग एक काम केलं, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. दोन दिवस दाढी केली नाही. रविवारी आरशासमोर बसून बोटाला टाल्कम पावडर लावली आणि चेहऱ्यावर प्रत्येक ठिकाणी चारी दिशांनी फिरवली. जिथं बोट अडलं ती उलटी दिशा. मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर चेहरा काढून बाण मारले. भोवऱ्यापाशी बाण कानाकडून कंठाकडं. म्हणजे तिथं मशीन आडवं धरून कानाकडून कंठाकडं न्यायचं, दुसऱ्या हातानं कातडी मागं ताणून. चौथ्या दिवसापासून पुटकुळ्या कमी. तो कागद अजून बेसिनच्या आरशामागं आहे.

दाबाचं तर विचारूच नका. केस राहिला की माणूस दाबतो. दाबलं की कातडी जाळीच्या भोकात फुगते आणि पातं तिलाही कातरतं. संध्याकाळी मान चुरचुरते ती त्याचीच. मशीनचं वजन चेहऱ्यावर टेकेल एवढंच पुरे. आणि ब्लेडवरून मशीनवर आलात तर तीन-चार आठवडे धीर धरा. कातडीला सवय व्हायला तेवढे लागतात. आठव्या दिवशी मशीनला शिव्या घालून कपाटात टाकणारे आमच्या शिफ्टमधेच दोघं आहेत.

आता सोलापूरचं. कोरडी दाढी तोंड धुण्याआधी करायची, कारण पाण्यानं कातडी किंचित फुगते आणि केस मऊ पडून आत दडतो. पण मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना सकाळी सातलासुद्धा मान घामानं चिकट असते, मशीन सरकतच नाही. तेव्हा तोंड कोरड्या पंच्यानं टिपा, पाच मिनिटं पंख्याखाली बसा, चिमूटभर पावडर लावा. मानेचं कोरडं जमतच नसेल तर पातळ जेल लावून ओली दाढी. ही तिन्ही ओलीसाठी चालतात. दाट फेस मात्र नको, तो जाळीत कोंबला जातो.

धुणं हा आमच्या गावात वेगळाच विषय. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, मधे बोअरचं. बोअरच्या जड पाण्यानं जाळी धुऊन तशीच वाळवली की पांढरा थर बसतो, जसा गिझरच्या कॉइलवर बसतो. म्हणून शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा, डोकं उघडं ठेवून वाळवणं, आणि आठवड्यातून एकदा जाळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. तेल दिलं की आवाज लगेच बदलतो, लूमचा बदलतो तसाच. ब्राउनसोबत येणाऱ्या, मशीन आपोआप साफ करणाऱ्या स्टेशनमधे अल्कोहोलचं द्रव असतं, त्यामुळं क्षाराचा प्रश्न येत नाही. पण उन्हाळ्यात ते उडून जातं आणि त्या द्रवाची नवीन कार्ट्रिज स्वस्त नाही. जवळ उदबत्ती, काडी काही नको. गोल डोक्यांच्या मशीनची एक खोड लक्षात ठेवा. प्रत्येक पातं आपल्याच जाळीशी घासून जुळलेलं असतं, म्हणून एका वेळी एकच काढून साफ करा. मी एकदा तिन्ही वाटीत काढली, जोड्या बदलल्या आणि काही आठवडे भोगलं.

खर्चाचं खरं मशीन घेताना कळत नाही. जाळी बदलावी लागते. ब्राउनची दीड वर्षानं, पॅनासॉनिकची बाहेरची जाळी वर्षानं आणि आतली पाती दोन वर्षांनी, फिलिप्सची डोकी दोन वर्षांनी. मशीनच्या आधी या सुट्या भागाची किंमत विचारा, आणि तो मिळतो का तेही. नव्या पेठेतल्या दुकानात विचारलं तर "मागवून देतो, मालक" एवढंच उत्तर मिळालं. मी एकदा ऑनलाइन कुठल्याशा विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत जाळी मागवली. खोका हुबेहूब, जाळीच्या कडेला बोट लावलं तर बारीक बूर, म्हणजे धातूची खरबरीत कड. कापडात अडकणारी कड ओळखायला मला भिंग लागत नाही. चेहऱ्याला लावलीच नाही, परत पाठवली, पैसे यायला महिना गेला.

माझं सध्या असं चालतं. रोज पॅनासॉनिक, मानेला ब्राउन, आणि सलग सुट्ट्यांत दाढी वाढली की फिलिप्स. हे वेडाचं आहे, मान्य. एकच घ्यायचं असेल आणि दाढी रोज होत असेल तर जाळीचं घ्या. तीन दिवसांनी एकदा करत असाल, नाहीतर माझ्यासारखे भोवरे असतील आणि बाण काढायचा कंटाळा असेल तर गोल डोक्यांचं. मेव्हणा परवा म्हणाला, "दाजी, तिन्हीतलं एक मला द्या की." दिलं असतं. पण त्याला जाळीच्या किमती सांगितल्या आणि तो विषय बदलून गड्ड्यावरच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, झोपाळ्यांकडं वळला.