डीस्पेस: कॉलेजच्या फोटोंसाठी नऊ महिने वापरल्यावर

आमचं कॉलेज लहान, नागपुरात, सीताबर्डीपासून फार लांब नाही. लायब्ररीत मी आणि अटेंडंट भाऊ, एवढाच स्टाफ. गेल्या उन्हाळ्यात गॅदरिंगचे जुने अल्बम कपाटातून काढले. चिकट पानांचे, वर प्लास्टिकवाले. दर मे महिन्यात त्याच खोलीत कूलर चालतो आणि त्याची ओल थेट कपाटात जाते. भाऊंनी एक फोटो सोडवायला घेतला आणि हात थांबवला. "मॅडम, हे तं चिपकून गेले न बापा." अर्धा चेहरा प्लास्टिकबरोबर आला होता. त्याच आठवड्यात डीस्पेसचं ठरलं.

डीस्पेस म्हणजे लेख, फोटो डिजिटल रूपात जपून शोधता येतील असे ठेवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या लायब्ररीने आणि एचपी कंपनीने २००२ साली आणलेलं. आपलं शोधगंगा, म्हणजे पीएचडी प्रबंधांचं देशभराचं भांडार, तेही त्यावरच चालतं, म्हणजे अडलं तर विचारायला देशातच माणसं. मात्र बसवणं सोपं नाही. सातव्या आवृत्तीपासून समोरचा भाग वेगळा, सर्व्हर वेगळा. जावा, पोस्टग्रेस (डेटाबेस), सोलर (शोधायचं सॉफ्टवेअर) हे सगळं जुळवण्यात कॉम्प्युटरच्या सरांचे दोन रविवार गेले. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर पान उघडेपर्यंत चहा पिऊन होत असे. १६ जीबी टाकल्यावर बरं चाललंय.

प्राध्यापकांचे लेख पटापट चढले. ज्यांचे हक्क प्रकाशकाकडे आहेत त्यांची फाइल ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवता येते, ही सोय मला फार आवडली. जुन्या शिवाजी फॉन्टमधल्या पीडीएफ मात्र दिसायला मराठी, शोधायला गेलं की कचरा. आणि 'नागपुर' टाईप केलं तर 'नागपूर' सापडत नाही. ह्रस्व-दीर्घ कोण कसं लिहील याचा नेम नाही, म्हणून विषयशब्दांत दोन्ही रूपं टाकते.

फोटोंची पहिली खेप एका दुकानात स्कॅनिंगला दिली, ती चूक माझी. २०० डीपीआयच्या जेपीजी आल्या, म्हणजे बारकावे कमी. वर त्यांनी प्रत्येक फोटोच्या पाठीवर बॉलपेनने दाबून नंबर घातले होते. प्रिन्सिपल सरांच्या कपाळावर '३७' उलटा उमटलाय, तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतो. आता आम्हीच करतो: ६०० डीपीआय, टिफ, आणि पाठीमागची बाजूसुद्धा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नंबर घालायचाच तर मऊ पेन्सिलने. बहुतेक ब्राउझरना टिफ दाखवता येत नाही, म्हणून बघायला जेपीजी खुली आणि मूळ टिफ त्याच नोंदीत कुलूपबंद.

एक खोच आधी कुणी सांगितली नव्हती. प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता मिळतो म्हणतात, पण त्यासाठी स्वतःचा हँडल नंबर फी भरून घ्यावा लागतो. तोवर सगळ्या पत्त्यांत १२३४५६७८९ छापून येतं. अकाउंट्समध्ये आमची फाइल "हे नेमकं काय?" या शेऱ्यावर अजून पडून आहे.

खरं डोकं खाल्लं तारखेने. एक निवृत्त सर हॉकी टीमचा फोटो बघायला आले. गोलकीपरचं नाव आठवेना, पण "हा संत्रा मार्केटकडून सायकलवर यायचा, स्टिक दांड्याला बांधून" हे लगेच आठवलं. साल विचारलं तर म्हणाले, "आणीबाणीच्या आधीचं. मैदानाला तेव्हा कुंपण नव्हतं." सायकल वर्णनात लिहिली. तारखेच्या रकान्यात 'सुमारे' चालत नाही, साल भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी १९७४ ठोकून दिलं. महिन्याभराने एका विद्यार्थिनीने तेच साल पक्कं धरून स्मरणिकेच्या मजकुरात लिहिलं, तेव्हा जीभ चावली.

मग कॉम्प्युटरच्या सरांकडून फॉर्मची फाइल बदलून घेतली: सालाची सक्ती काढली, मोकळ्या शब्दांत काळ लिहायचा नवा रकाना घातला, सर्व्हर रीस्टार्ट केला. तिथे आता 'जून १९७५ पूर्वी' असं आहे. सालाप्रमाणे यादी काढली की हॉकी टीम त्यात येतच नाही. चालेल. नाव टाकून शोधणाऱ्याला सापडते, गोलकीपर सोडून.