रेट्रो हॅन्डहेल्ड घ्यायचा, की फोनवरच भागवायचं?

रेट्रो हॅन्डहेल्ड म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातात मावणारं नवं यंत्र. त्याच्या जाहिराती गेमबॉयची आठवण विकतात. १९८९ सालचा निन्टेन्डोचा राखाडी ठोकळा, चार पेन्सिल सेल, हिरवट पडदा. पण महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांच्या हातात गेमबॉय कधी आलाच नाही. आपल्याकडे होता तो टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’. १९८३च्या जपानी फॅमिकॉमची ती नक्कल. पिवळी कॅसेट, वर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि आत खरे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसरा अड्डा नाक्यावरचं पार्लर. तिथे १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला त्या नावाने कोणी ओळखत नसे, तो सगळ्यांसाठी ‘मुस्तफा’. पुढे कोणाच्या घरी प्लेस्टेशन आला, हॉस्टेलवर एखाद्याकडे सोनीचाच हातात धरून खेळायचा पीएसपी दिसला.

हे आधी सांगतोय, कारण कोणतं यंत्र घ्यायचं हे खिशाआधी या यादीवर ठरतं. तुमची आठवण कॉन्ट्रा आणि टँकवाल्या गेमपाशी थांबत असेल, तर त्यासाठी वीस हजारांचं यंत्र घेणं म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला ट्रक काढणं. फॅमिकॉमचे गेम आज बाजारातलं अगदी दुबळं यंत्रही चालवतं. ‘मुस्तफा’ आणि प्लेस्टेशन १ला जरा बरं यंत्र लागतं, पीएसपीला आणखी बरं, आणि प्लेस्टेशन २ म्हटलं की किंमत एकदम उडी मारते.

फोन: आहे तोच

तुमच्या खिशातला दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड फोन यातलं बहुतेक सगळं चालवतो. आयफोनवाल्यांनाही एप्रिल २०२४ पासून, अ‍ॅपलने नियम सैल केल्यावर, डेल्टासारखे एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम चालवणारी अ‍ॅप, थेट अ‍ॅप स्टोअरवर मिळतात. पडद्याच्या बाबतीत तर फोनच जिंकतो. साडेसहा इंची फोन आडवा धरला आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या वजा केल्या, तरी जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचं चित्र जवळपास साडेचार इंचांचं मिळतं. लोकप्रिय हॅन्डहेल्डचा पडदा साडेतीन इंचांचा असतो. ज्यांना या गेमची ओढ आहे त्यांना साधारण आताच चाळिशीचा चष्मा लागलाय, तेव्हा हा फरक किरकोळ समजू नका. संवादांवर चालणारे गेम असतील तर बारीक अक्षरं वाचताना कपाळाला आठ्या पडतात.

मग हॅन्डहेल्डवाल्याला पैसे कशाचे द्यायचे? बटणांचे. काचेवर उमटवलेल्या बटणांवर मारिओ खेळून बघा, अंगठा कधी सरकला ते कळतच नाही, आणि खड्ड्यात पडल्यावर चूक कोणाची यावर स्वतःशीच भांडण होतं. यावर एक मधला मार्ग आहे. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारा, टाइप-सी पिनने जोडला जाणारा कंट्रोलर साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो. ब्लूटूथचा घेऊ नका असं मी म्हणेन. बटण दाबणं आणि उडी यांच्यात तो जो किंचित उशीर करतो, तो बुद्धिबळात चालेल, कॉन्ट्रात नाही.

पण कंट्रोलर लावूनही फोन फोनच राहतो. गेममधल्या शेवटच्या ‘बॉस’ शत्रूसमोर असताना बँकेचा मेसेज, सोसायटीचा ग्रुप, आणि रात्री बॅटरी संपली की सकाळी अलार्मही नाही. शिवाय कंट्रोलर शोधून लावायचा, कव्हर काढायचं, अ‍ॅप उघडायचं, एवढं करेपर्यंत मोकळी दहा मिनिटं संपतात. घरातल्या मुलाला फोनपासून लांब ठेवायचं म्हणून काही घेत असाल, तर फोनचा पर्याय आपोआपच बाद.

सहाशे-आठशेचं ‘४०० इन १’

ऑनलाइन शोधलं की सगळ्यात आधी हेच दिसतं. गेमबॉयसारखी ठेवण, तीन इंची पडदा, काढता येणारी जुन्या नोकियासारखी बॅटरी, बहुतेक वेळा टीव्हीला जोडायची वायर आणि दुसऱ्या खेळाडूसाठी छोटा कंट्रोलरही. आत फॅमिकॉमचेच गेम. चारशे म्हणतात, पण पिवळ्या कॅसेटची परंपरा इथेही चालू आहे, तोच गेम वेगवेगळ्या नावांनी भेटतो. साध्या प्रकारात गेम मध्येच थांबवून साठवता येत नाही, नवा टाकता येत नाही, आवाजही बेसूर असतो.

भाच्याच्या वाढदिवसाला द्यायला ठीक. स्वतःसाठी घ्याल तर आठवडाभरात कपाटात जाईल. ‘आधी स्वस्तातलं घेऊन बघू, आवडलं तर मोठं घेऊ’ हा हिशेब इथे फसतो, कारण हे नाही आवडलं म्हणून चांगलं यंत्र आवडणार नाही असं काही सिद्ध होत नाही.

खरी लढत: मियू मिनी प्लस आणि अ‍ॅनबर्निक आरजी३५एक्सएक्स एच

बहुतेकांचा निर्णय या दोन हॅन्डहेल्डपाशी येऊन अडतो. भारतात विक्रेत्यागणिक किंमत बदलते, तरी दोन्ही ढोबळमानाने सहा ते आठ हजारांच्या पट्ट्यात सापडतात. दोघांचाही पडदा साडेतीन इंच, ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा. कागदावर बघाल तर अ‍ॅनबर्निक सरळ पुढे आहे. चार कोरचा प्रोसेसर, १ जीबी रॅम, दोन अ‍ॅनालॉग काड्या (अंगठ्याने हव्या त्या दिशेला झुकवायच्या), दोन मेमरी कार्डांची सोय, टीव्हीला जोडायला एचडीएमआय, वायफाय आणि ब्लूटूथ. मियू मिनी प्लसमध्ये दोन कोर, १२८ एमबी रॅम, वायफाय, आणि बस्स. अ‍ॅनालॉग काडी नाही, एचडीएमआय नाही, ब्लूटूथ नाही.

तरीही मियूचे चाहते हटत नाहीत, आणि त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही. कारण आहे ‘ओनियन’ नावाची, यंत्र चालवणारी सॉफ्टवेअर प्रणाली. हौशी मंडळींनी बनवलेली, फुकट मिळणारी. ती कार्डावर टाकली की बटण दाबून यंत्र बंद करताना गेम आहे तिथे आपोआप साठवला जातो, आणि पुन्हा चालू केलं की थेट त्याच उडीच्या मधोमध तुम्ही हजर. लोकलमध्ये दादर आलं, बंद करा. परतताना चालू करा. मोठ्या माणसाच्या दिवसात गेमला जेवढी जागा उरते तेवढ्यात बसणारी ही सोय आहे, आणि माझ्या मते चार कोरांपेक्षा ती जास्त कामाची. अ‍ॅनबर्निकवरही म्यूओएस, नल्लीसारख्या प्रणाली टाकता येतात आणि टाकाव्यातच, पण ओनियनइतकं घडी बसलेलं काम तिथे वाटत नाही.

आता हातात धरण्याचं. मियू उभट, शर्टाच्या खिशात मावणारा. खांद्याची बटणं मागे एकमेकांना खेटून आहेत, मोठ्या पंजाच्या माणसाला अर्ध्या तासाने करंगळी कुठे ठेवावी हे कळत नाही. अ‍ॅनबर्निक आडवा, दोन्ही हातांत नीट बसतो, लांब बैठकीला बरा. पार्लरमधल्या मारामारीच्या गेमसाठी मी आडवाच सुचवेन.

गेमच्या बाजूने पाहिलं तर फॅमिकॉम, सेगाचा १६-बिट, सुपर निन्टेन्डो, गेमबॉयची सगळी भावंडं, प्लेस्टेशन १ हे दोघंही आरामात चालवतात. ‘मुस्तफा’ही चालतो, मात्र पार्लरच्या गेमची फाइल एम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळावी लागते, ती डोकेदुखी दोन्हीकडे सारखी. निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट आणि पीएसपीचे हलके गेम मात्र अ‍ॅनबर्निकवरच. पीएसपीचे जड गेम तिथेही अडखळतात. ‘पीएसपी चालतं’ असं विक्रेत्याने लिहिलं असेल तर तुमच्या आवडत्या गेमचा व्हिडिओ शोधून बघा, नुसत्या वाक्यावर जाऊ नका.

थोडक्यात माझा कल सांगायचा तर, रोज प्रवासात पंधरा मिनिटं खेळणाऱ्याने मियू घ्यावा. घरी सोफ्यावर, कधी टीव्हीला जोडून, मुलांबरोबर खेळायचं असेल तर अ‍ॅनबर्निक.

पडद्याचा आकार, ज्याकडे कोणी बघत नाही

इंच सगळे विचारतात, आकार कोणी विचारत नाही. जुन्या प्रत्येक यंत्राचं चित्र वेगळ्या मापाचं होतं. टीव्हीवरच्या कन्सोलचं ४:३, म्हणून ते ६४०×४८०वर नीट भरून बसतं. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र २४०×१६०. ते या पडद्यावर दुप्पट केलं की चारी बाजूंनी काळी चौकट राहते, आणि रुंदी भरून ताणलं की ठिपके असमान होऊन कडा किंचित मऊ पडतात. तुम्ही मुख्यतः हेच गेम खेळणार असाल तर अ‍ॅनबर्निकचाच आरजी३४एक्सएक्स बघा. त्याचा पडदा ७२०×४८० आहे, म्हणजे बरोबर तिप्पट, एक ठिपका इकडचा तिकडे होत नाही. पीएसपीचं ४८०×२७२ चित्र लांबट, ४:३ पडद्यावर ते मधल्या पट्टीत आक्रसतं. त्याला ट्रिमयुई स्मार्ट प्रोसारखा जवळपास पाच इंचांचा १२८०×७२० पडदा शोभतो.

वरची पायरी

प्लेस्टेशन २ आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबचे गेम हवे असतील तर रेट्रॉइड पॉकेट ५सारखं अँड्रॉइड यंत्र लागतं. स्नॅपड्रॅगन ८६५ प्रोसेसर, साडेपाच इंची ओलेड पडदा, परदेशातली किंमत दोनशे डॉलरच्या आसपास, वर कस्टम. यंत्र झकास आहे. पण तो शेवटी सिमकार्ड नसलेला फोनच, आणि प्रत्येक एम्युलेटर स्वतः बसवून नीट लावण्यात पहिला शनिवार-रविवार जातो. ज्यांना त्यातच मजा वाटते त्यांनी जरूर घ्यावा. अ‍ॅनालॉग पॉकेट हे आणखी वेगळं प्रकरण. दोनशे डॉलरच्या वरचं, गेमबॉयच्या मूळ कॅसेटी चालवणारं देखणं यंत्र. कपाटात कॅसेटीच नसतील तर त्याचं काय करणार?

जुनं अस्सल यंत्र

सेकंडहँड पीएसपी आपल्याकडे अजून सापडतो, मूळ गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी त्यामानाने कमी. अस्सल बटणांचा स्पर्श नक्कलेला येत नाही हे खरंच. पण पीएसपीची जुनी बॅटरी फुगते, डिस्क वाचणारी लेन्स थकलेली असते, आणि २००३च्या पहिल्या एसपीचा उजेड पडद्यामागून येत नाही, वरून पडतो, तो आजच्या डोळ्यांना फिका वाटतो. गेमबॉयच्या कॅसेटी तर बनावटच जास्त. खऱ्या निघाल्या तरी पुष्कळशा कॅसेटींच्या आत बटण सेल असतो, तो मेला की साठवलेला खेळ पुसला जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरायची आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची आवड असेल तरच या वाटेला जा.

गेम येतात कुठून?

यंत्राबरोबर हजारो गेम भरलेलं कार्ड येतं ते विक्रेत्याने कोणाची परवानगी घेऊन भरलेलं नसतं, हे माहीत असू द्या. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला बचावासाठी बॅकअप काढायची मुभा देतं. कॅसेट तुमच्याकडे नसेल तर तो आधार नाही. सरळ मार्गही आहेत. गेमबॉयसाठी आजही लोक नवे गेम बनवतात, ‘टोबू टोबू गर्ल’सारखे काही तर फुकट देतात. अ‍ॅनबर्निकसारख्या यंत्रांवर पोर्टमास्टर नावाचं साधन वापरून तुम्ही कॉम्प्युटरसाठी विकत घेतलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ चालवता येतो. आणि एक गंमत, दहा हजार गेमची यादी समोर असली की माणूस यादीच चाळत बसतो. मला विचाराल तर वीस गेम ठेवा, बाकीचे पुसा.

घेताना

अलीएक्स्प्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२०पासून बंदी आहे, त्यामुळे बहुतेकांना इथल्या विक्रेत्याकडून चढ्या भावाने घ्यावं लागतं. थेट परदेशी दुकानातून मागवलंत तर कस्टम, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा वेगळा आकार धरूनच तुलना करा, स्वस्त दिसणारी किंमत दारात येईपर्यंत तशी राहत नाही. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर उत्तम, फक्त लिथियम बॅटरी असल्यामुळे यंत्र केबिन बॅगेत ठेवायला सांगा.

सोबत आलेलं बिनब्रँडचं मेमरी कार्ड पहिल्याच दिवशी बाजूला काढा आणि नावाजलेल्या कंपनीचं ६४ जीबीचं कार्ड घालून त्यावर प्रणाली नव्याने टाका. ही कार्डं अचानक दगा देतात आणि साठवलेला सगळा खेळ घेऊन जातात. चार्जिंगला फोनचा फास्ट चार्जर लावू नका, जुना साधा ५ व्होल्टचा चार्जर आणि टाइप-ए ते टाइप-सी वायर पुरते. कित्येक स्वस्त यंत्रं दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत, आणि लोक यंत्र बिघडलं समजून परत करतात. परत करायची मुदत असेपर्यंत मात्र प्रत्येक बटण दाबून बघा, विशेषतः दिशांच्या बटणाचे तिरके कोन, आणि काळ्या व पांढऱ्या पडद्यावर मेलेला ठिपका आहे का तेही.