पांढऱ्या पाटीची गाडी

मनालीहून लेहला मोटारसायकलवर जायचे आणि तेही कोणत्याही सहल कंपनीच्या तांड्यात सामील न होता, असे आम्ही तिघांनी ठरवले तेव्हा आमच्यासमोर दोन आकडे होते. सहल कंपनी मनाली ते मनाली अशा दहा दिवसांचे माणशी ३६,००० रुपये मागत होती आणि त्यात गाडी, पेट्रोल, मुक्काम, जेवण, मागून येणारी मदतगाडी व एक मेकॅनिक एवढे सगळे होते. मी, माझा मेहुणा आणि कार्यालयातील एक सहकारी यांनी एका रविवारी पुण्यात बसून वहीत मांडलेला हिशेब माणशी २४,००० रुपयांवर थांबला. तिघांचे मिळून ३६,००० रुपये वाचणार होते. पुढे काय घडले ते मी क्रमाने आणि आकड्यांसह लिहीत आहे, कारण आमची फसवणूक एका झटक्यात झाली नाही. ती हप्त्याहप्त्याने झाली, आणि प्रत्येक हप्ता देताना आपण पैसे वाचवत आहोत असेच आम्हांला वाटत होते.

मुक्काम आणि जेवण यांत कोणी आम्हांला फसवले नाही, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. सगळे घोडे पेंड खात होते ते गाडीच्या भाड्यापाशी. मनालीत त्या वेळी आम्हांला बहुतेक ठिकाणी दिवसाला १,८०० रुपयांच्या आसपास भाव सांगितला जात होता. समाजमाध्यमावरील एका जाहिरातीतून सापडलेल्या व्यावसायिकाने १,३०० रुपये सांगितले. तो फोनवर अतिशय अदबीने बोलायचा, रात्री अकरा वाजता विचारलेल्या शंकेलाही उत्तर द्यायचा, आणि त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत रॉयल एनफिल्डच्या तीन कोऱ्या हिमालयन मोटारसायकली बर्फाच्या पार्श्वभूमीवर ओळीने उभ्या होत्या. दहा दिवस, तीन गाड्या, एकूण ३९,००० रुपये. त्यापैकी निम्मे, म्हणजे १९,५०० रुपये, आगाऊ. पैसे भरण्यासाठी आलेल्या क्यूआर कोडवर एका भलत्याच महिलेचे नाव दिसले. मी विचारले, तेव्हा "वो हमारी अकाउंटंट हैं, सर" असे उत्तर मिळाले. दुकानाचे नाव एक, बोलणारा दुसरा आणि खाते तिसऱ्याचे, हे तिथल्या तिथे खटकायला हवे होते. खटकलेही, पण पाचशे रुपये रोजची बचत डोळ्यांसमोर असताना माणूस आपल्याच शंकेला गप्प बसवतो.

त्यानंतर चार दिवसांनी प्रत्येक गाडीमागे १,५०० रुपये "रोहतांग आणि लेहच्या परमिटचे" म्हणून मागितले गेले. हे ४,५०० रुपये आमच्या हिशेबात नव्हते, तरी आम्ही भरले. येथे वाचकांनी थोडे थांबावे. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून लेहच्या वाटेवरील लाहौलकडे जाणाऱ्याला रोहतांग खिंड ओलांडावी लागत नाही, आणि बोगद्यातून जाणाऱ्याला रोहतांगचा परवानाही लागत नाही. ज्याला मुद्दाम खिंडीवरच जायचे आहे त्याच्यासाठी तो परवाना असतो आणि तो संगणकावर स्वतः काढता येतो. आम्ही बोगद्यातूनच जाणार होतो. म्हणजे जी गोष्ट लागतच नव्हती तिचे पैसे आम्ही दिले होते. लेहच्या "परमिटची" गोष्ट तर याहून वाईट निघाली. ती पुढे येईल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मनालीला पोहोचलो. गाड्या सायंकाळी सहाला मिळणार होत्या. त्या रात्री पावणेनऊला, झिमझिम पावसात, एका पिवळ्या बल्बच्या उजेडात मिळाल्या. छायाचित्रांतील हिमालयन "सर्व्हिसिंगला गेल्या" होत्या आणि त्यांच्या जागी तीन जुन्या बुलेट उभ्या होत्या. त्यांच्या नंबरप्लेट पांढऱ्या होत्या. आपल्याकडे खासगी वाहनाची पाटी पांढरी आणि तिच्यावरील अक्षरे काळी असतात, टॅक्सीची पाटी पिवळी असते, आणि स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या वाहनाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. गोव्यात भाड्याची स्कूटर घेतलेल्या प्रत्येकाने ती काळी पाटी पाहिलेली असते. आम्हीही पाहिली होती. मी तसे बोलून दाखवले. त्यावर त्याने आवाज खाली आणून, जणू घरचे गुपित सांगावे तसे सांगितले की पांढरी पाटी उलट चांगली, वाटेत कोणी अडवत नाही, आणि कोणी विचारलेच तर गाडी मित्राची आहे असे सांगायचे. हा सल्ला म्हणजे त्याने दिलेली कबुली होती. आम्ही ती सवलत समजलो.

प्रत्येक गाडीचे १०,००० याप्रमाणे ३०,००० रुपये अनामत रोख दिली, उरलेले भाडे दिले आणि तिघांची मूळ आधारकार्डे त्याने ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली. करारनाम्याच्या छापील कागदावर गाडीच्या स्थितीचा रकाना कोरा होता. "सकाळी भरू" असे तो म्हणाला आणि आम्ही खाली सह्या केल्या. अंधारात, ओल्या गाड्यांवर, कोणता ओरखडा जुना आणि कोणता नवा हे दिसणे शक्य नव्हते. सकाळी साडेसहाला दुकान बंद होते.

पहिले दोन दिवस काही बिघडले नाही. तांडीच्या पंपावर टाक्या भरल्या आणि कॅनही भरून घेतले, कारण तेथील प्रसिद्ध फलकावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे लिहिलेले आहे. जिस्पाला एक मुक्काम, बारालाचा खिंड ओलांडून सरचूला दुसरा. सरचू ४,२०० मीटरहून उंच आहे. मेहुण्याचे डोके रात्रभर ठणकत होते आणि सकाळी त्याने चहाखेरीज काही घेतले नाही. त्याच सकाळी गाटा लूप्सवर, म्हणजे एकवीस वळणांच्या त्या चढावर, त्याच्या गाडीचा क्लच घसरू लागला. इंजिन ओरडत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. त्या उंचीवर बुलेट ढकलणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. पंधरा पावले चालले की तिघेही खाली बसत होतो. सहल कंपनीच्या एका तांड्याची मदतगाडी आमच्या शेजारून गेली. त्यातील मेकॅनिकने थांबून पाहिले, क्लच प्लेट पार झिजल्याचे सांगितले आणि सुटे भाग फक्त आपल्या गाड्यांसाठी असल्याबद्दल क्षमाही मागितली. त्याचे काही चुकले नाही. अखेर लेहला रिकाम्या परतणाऱ्या एका पिकअपवाल्याने ९,००० रुपयांत गाडी आणि मेहुणा दोघांनाही घेतले. लेहमध्ये क्लच प्लेट बदलण्याचे ३,२०० रुपये झाले. तेथील मिस्त्रीने जुन्या प्लेट हातात घेऊन दाखवल्या आणि ही झीज दोन दिवसांची नाही, कित्येक महिन्यांची आहे, असे सांगितले. ते बिल आणि त्या प्लेट मी जपून आणल्या.

आम्ही मनालीला फोन लावायचा प्रयत्न केला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, केवळ पोस्टपेड चालते. तिघांत पोस्टपेड एकट्या सहकाऱ्याचे होते. त्याच्या क्रमांकावरून दोनदा बोलणे झाले आणि तिसऱ्यांदा पलीकडून फोन उचलणे बंद झाले.

लेहमध्ये ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या वृद्ध गृहस्थांना मी आमचे "लेह परमिट" दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि शांतपणे परत दिले. तो दुसऱ्याच कोणा प्रवाशांच्या नावे भरलेल्या पर्यावरण शुल्काच्या जुन्या पावतीचा रंगीत झेरॉक्स होता. वरची नावे झाकून आमची टंकलेली होती. त्यांनी पुढे जे सांगितले ते लडाखला मोटारसायकलने जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला घर सोडण्यापूर्वी माहीत असले पाहिजे. मनाली, श्रीनगर किंवा अन्य कोठूनही भाड्याने आणलेली मोटारसायकल लेहपर्यंत आणता येते, पण ती घेऊन नुब्रा किंवा पँगाँगकडे स्थानिक भाडेगाडीवाले जाऊ देत नाहीत. तेथे जायचे तर लेहमधलीच गाडी भाड्याने घ्यावी लागते. हा नियम कोणाला जाचक वाटेल, मलाही त्या दिवशी वाटला. पण ज्यांचा धंदा वर्षातील जेमतेम चार-पाच महिने चालतो, त्यांनी आपले गिऱ्हाईक राखण्यासाठी तो धरून ठेवला असेल तर त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. राग यायचा तो हे सर्व माहीत असूनही "नुब्रा, पँगाँग सब कव्हर्ड" असे लिहून देणाऱ्याचा.

एवढे ऐकूनही आम्ही शहाणे झालो नाही, हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. पाटी पांढरी आहे, कोणाला काय कळणार, या भरवशावर दुसऱ्या दिवशी आम्ही नुब्राच्या वाटेवरील खारदुंग ला खिंडीच्या दिशेने निघालो. साउथ पुल्लूच्या चौकीअलीकडे चार-पाच तरुणांनी हात दाखवला, गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, आणि चालवणाऱ्याचे ओळखपत्र मागितले. दोन्हींवरील नावे जुळत नव्हती. मित्राची गाडी असल्याचे सांगताच त्यांतील एकजण हसला. सकाळपासून हे उत्तर देणारे आम्ही पहिले नव्हतो. पुन्हा दिसलात तर गाडी ठेवून घेऊ, अशी समज देऊन त्यांनी आम्हांला परत पाठवले. मग लेहमध्ये दोन गाड्या तीन दिवसांसाठी १,८०० रुपये रोजाने घेतल्या, १०,८०० रुपये भरले आणि मेहुणा माझ्यामागे बसला. त्या तीन दिवसांत मनालीच्या तिन्ही गाड्या यजमानांच्या अंगणात उभ्या राहून आमचेच भाडे खात होत्या.

निघण्याच्या आदल्या रात्री सहकाऱ्याने सहज म्हणून वाहनांची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एमपरिवाहन ॲपवर त्या गाड्यांचे क्रमांक घातले. एका गाडीचा विमा मार्चमध्येच संपलेला होता. उरलेल्या दोघींचा चालू होता, पण तो खासगी वापराचा. अशा पॉलिसीत वाहन भाड्याने देणे बसत नाही, त्यामुळे अपघात झाला असता तर विमा कंपनीला हात वर करायला पुरेसे कारण होते. जो तपास दोन मिनिटांत पुण्यातूनच करता आला असता, तो आम्ही बारालाचा, लाचुलुंग ला आणि तंगलंग ला या खिंडी ओलांडून झाल्यावर केला. परतीचे तीन दिवस मी गाडी कशी चालवली ते माझे मला ठाऊक.

मनालीत गाड्या परत करण्याची वेळ त्यानेच सायंकाळी पाचची ठरवली होती आणि आमची दिल्लीची बस साडेसहाची होती. आता वाटते की ती वेळ योगायोगाने पडली नव्हती. पाऊण तास बसवून ठेवल्यानंतर दोन मुलांनी टॉर्च घेऊन गाड्या तपासल्या, आणि जो कोरा रकाना सकाळी भरायचा होता तो आता आमच्यासमोर भरला गेला: सायलेन्सरवरील ओरखडा ४,०००, वाकलेला क्रॅशगार्ड ३,५००, "चुकीच्या चालवण्यामुळे" क्लचचे नुकसान ९,५००, आरसा व धुलाई ५,०००. एकूण २२,००० रुपये. झिजलेल्या प्लेट आणि लेहचे बिल पुढे केले, तर "आमच्या परवानगीशिवाय गाडी बाहेर उघडलीच कशी" म्हणून वर दंड लावण्याची भाषा सुरू झाली. चोराच्या उलट्या बोंबा त्या ऐकाव्या लागल्या. आमची आधारकार्डे ड्रॉवरमध्ये, दाराशी चारजण उभे आणि बसला चाळीस मिनिटे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्याप्रमाणे ८,००० रुपये आणि कार्डे घेऊन आम्ही बाहेर पडलो.

बसमध्ये बसून हिशेब केला. परमिट ४,५००, पिकअप ९,०००, क्लच ३,२००, लेहचे दुहेरी भाडे १०,८०० आणि कापलेली अनामत २२,००० मिळून ४९,५०० रुपये वरखर्च झाला होता. म्हणजे तिघांचा खर्च ७२,००० वरून १,२१,५०० वर गेला. सहल कंपनीला १,०८,००० द्यावे लागले असते.

स्वतः आखून प्रवास करणे चूक आहे, असे मी म्हणणार नाही. पुढच्या वेळीही आम्ही तसेच जाणार आहोत. पण सहल कंपनी जे जादा पैसे घेते, त्यांतील काही भाग कागद तपासण्याचा असतो आणि ती कंपनी सोडली की ते काम आपल्या गळ्यात येते, हे आमच्या वहीत कोठेच लिहिलेले नव्हते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी गाड्यांचे क्रमांक मागावेत. जो ते देत नाही त्याला पैसे देऊ नयेत, आणि क्रमांक मिळालेच तर पाटीचा रंग, विमा व आरसी आधी पाहावी. खात्यावरील नाव आणि पावतीवरील नाव एक असावे. गाडी दिवसाउजेडीच घ्यावी, देणाऱ्याला बाजूला उभे करून तिचे चारही बाजूंनी चित्रीकरण करावे, करारातील एकही रकाना कोरा सोडू नये आणि मूळ आधारकार्ड कोणाच्याही ड्रॉवरमध्ये जाऊ देऊ नये. ज्यांना मुख्यतः नुब्रा आणि पँगाँगच पाहायचे आहे त्यांनी उन्हाळ्यात केलाँगमार्गे धावणाऱ्या बसने लेह गाठावे आणि गाडी तेथेच घ्यावी. ते स्वस्तही पडते.

तक्रारीचे म्हणाल तर ऑनलाइन फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकाचा खरा उपयोग पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांत असतो. आमचे आगाऊ पैसे जाऊन दोन महिने झाले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते, म्हणजे मनालीला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आमचे घोडे अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. तक्रारीत समोरच्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तर आमच्या पावतीवर ना मालकाचे नाव आहे, ना जीएसटी क्रमांक. ॲपवर वाहनमालकाच्या नावाची निम्मी अक्षरे फुल्यांखाली झाकलेली आहेत. आणि ज्या महिलेच्या खात्यात पैसे गेले ती कोण, हे आम्हांला अद्याप कळलेले नाही.

गेल्या आठवड्यात पत्नीच्या फोनवरून त्याच क्रमांकावर तीन गाड्यांचा भाव विचारला. दुकानाचे नाव बदलले आहे. बर्फासमोर ओळीने उभ्या असलेल्या तीन हिमालयनचे छायाचित्र तेच आले, भाव १,२५० रुपये आला, आणि त्याखाली लिहिले होते की परमिटची काळजी करू नये, ते सगळे आम्ही बघतो.