सहा बदकं आणि अर्धी टाकी: नऊ महिन्यांनंतर

कुडाळ तालुक्यात आमच्या परसात सहा खाकी कॅम्पबेल बदकं आहेत, पाच माद्या आणि एक नर. त्यांच्या डुंबण्याची सोय करताना मी आधी दोनदा फसलो. घमेलं तासाभरात चिखलाने भरायचं. मग खड्डा खणून ताडपत्री अंथरली, ती जांभ्याच्या टोकाला लागून फाटली. फाटायच्या आधीही सुख नव्हतंच, कारण घाण पाणी बादलीने उपसावं लागे. कंटाळा करून तीन दिवस तसंच ठेवलं की वास थेट पडवीत.

ऑक्टोबरात वरून तडकलेली पाचशे लिटरची जुनी टाकी आडवी कापली आणि खालचा अर्धा भाग ठेवला. कापलेली धार लागू नये म्हणून होजपाइप उभा चिरून काठावर बसवला. चढायला बाहेर चिऱ्यांच्या दोन पायऱ्या, उतरायला आत एक चिरा. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "बदकांका पण न्हाणी बांधलंस?"

फूटभर पाणी भरलं की साधारण दोनशे लिटर होतं. थंडीत ते एक दिवसाआड बदलायचो. खरी गोम भरण्यात नाही, सोडण्यात आहे. सुरुवातीला अर्ध्या इंचाची तोटी लावली होती, ती पिसांनी आणि गाळाने आठवड्यात तुंबली. आता दीड इंची व्हॉल्व्ह आहे. टाकीचं भोक तळापासून थोडं वर असतं, म्हणून मागच्या बाजूला पाचर ठोकून ती व्हॉल्व्हकडे कलती ठेवली. पाणी पाइपाने माडाच्या आळ्यात आणि पुढे केळींना जातं. खत म्हणून त्याला तोड नाही, अळूची पानं तर सुपाएवढी झाली.

एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली. तेव्हा टाकी कोरडी ठेवून नुसत्या उथळ ताटलीत पाणी दिलं, ही माझी चूक. आठवड्यात एका मादीच्या डोळ्याला फेस आला. बदकाला डोळे आणि नाकपुड्या धुवायला अख्खं डोकं बुडवता यावं लागतं. पोहणं नसलं तरी चालेल, हे नसलं तर नाही. खोल बादली ठेवून रोज पाणी बदललं, चार दिवसांत डोळा निवळला. न्हाणीचं साबणाचं पाणी मात्र कितीही टंचाई असली तरी देऊ नका. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीचं तेल ती चोचीने पिसांना लावतात. साबणाने ते निघून जातं आणि पिसं भिजायला लागतात.

पिल्लांना ही टाकी नको. कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांच्या अंगाला आईचं तेल लागलेलं नसतं. आमचं एक पिल्लू आत पडलं आणि भिजून लटपटत होतं, वेळेवर दिसलं म्हणून वाचलं. त्यांना खडे घातलेली पसरट ताटली पुरते.

आणखी एक म्हणजे खाद्य टाकीजवळ ठेवू नये. चोचीत भुसा घेऊन ती पाण्याकडे पळतात आणि सकाळी भरलेलं पाणी दुपारी कढीसारखं दिसतं. खाद्याशेजारी प्यायची छोटी बादली हवी, टाकी लांब.

आता जुलैत पाऊस टाकी आपणच भरतो, पण गाळ काही आपणहून जात नाही, व्हॉल्व्ह उघडावाच लागतो. भोवती चिखल होत होता, तिथे वाळू आणि चिऱ्याचे तुकडे टाकले. पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, त्यावरून काल नर घसरला. रविवारी त्या काथ्याने घासायच्या आहेत.