दोन फुटी क्वारंटाइन टाकी : खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी नऊ महिने वापरल्यावर

ऑक्टोबर ते जून. म्हणजे नाशिकची थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि वळवाच्या पावसात जाणारी वीज, तिन्ही या टाकीवरून गेलं. नवा किंवा आजारी मासा मुख्य टाकीपासून वेगळा ठेवायची ही टाकी; क्लाउन, डॅमसेल, गोबी आणि एक लहान टँग, एवढ्या माशांचे उपचार यात झाले. आधीच सांगून टाकतो : औषध ओतणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. क्वारंटाइनमध्ये मासा दगावतो तो पुष्कळदा रोगाने नव्हे, तर अमोनियाने, नाहीतर परजीवी मारायला घातलेल्या तांब्याचं प्रमाण खालीवर झाल्याने. म्हणून पैसे आणि लक्ष दोनच गोष्टींवर घालवा : आधीपासून मुरवलेला, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू वाढवलेला, स्पंज फिल्टर आणि तांबं मोजायचं यंत्र. बाकी सगळं स्वस्तातलं चालतं.

टाकी २४ × १२ × १२ इंची, ५ मिलिमीटर काचेची. दुकानदार तिला ६० लिटरची म्हणतो, पण काठाच्या दीड इंच खाली भरली तर ४७ लिटरच पाणी बसतं. मापाच्या भांड्याने एकदा मोजून भरा आणि काचेवर मार्करने रेघ मारा. ६० लिटर धरून औषध टाकलं तर मात्रा सव्वापटीच्या वर पडते, तांबं दोन पीपीएमच्या (लिटरला दोन मिलिग्रॅम) जागी अडीच ओलांडाल. तळाला वाळू नको, खडक नको, प्रवाळाचा तुकडाही नको. या सगळ्यातलं कॅल्शियम कार्बोनेट तांबं शोषून घेतं आणि मग प्रमाण धरून ठेवताच येत नाही. लपायला पीव्हीसीचे दोन-तीन इंची एल्बो आणि टी पुरतात, नळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतात. तळाला आणि मागच्या बाजूला बाहेरून काळा कागद लावा. काचेतलं प्रतिबिंब दिसत राहिलं की नवा मासा बिथरतो.

हीटर १०० वॉटचाच घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोली १६-१७ अंशांवर येते, तरी झाकण ठेवलं तर तो पाणी २६ वर राखतो. ‘थंडी जास्त आहे, ३०० वॉटचा घ्या’ हा सल्ला ऐकू नका. हीटरचा आतला थर्मोस्टॅट कधीतरी चालू अवस्थेत अडकतोच. आमचा चौथ्या महिन्यात अडकला. १०० वॉटचा होता म्हणून पाणी ३१ वर जाऊन थांबलं, ३०० चा असता तर मासे उकडले असते. आता बाहेरून वेगळा तापमान नियंत्रक लावलाय, तो आधी वीज तोडतो. उन्हाळ्यात उलटा प्रश्न. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाण्यावर रोखलेला छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच पंखा फारसा उपयोगी पडत नाही. पंखा चालू असताना रोज दीडएक लिटर पाणी उडतं. ते भरायचं साध्या आरओ पाण्याने, कारण मीठ आणि तांबं दोन्ही टाकीतच राहिलेलं असतं.

आता स्पंज. नवा कोरा स्पंज फिल्टर लावून मासा सोडला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया चढतो, आणि ८.२ पीएचच्या पाण्यात त्यातला विषारी हिस्सा गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. स्पंज मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिच्या फिल्टरच्या टाकीत, महिना-दीड महिना ठेवला तर मुरतो, पण मुख्य टाकीत रोग असेल तर तोही सोबत येतो. त्यापेक्षा वेगळ्या बादलीत मुरवणं मला पटतं. २० लिटर खारं पाणी, २७-२८ अंश, हवेचा पंप, आणि खायला नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. १० ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. त्यातलं १२-१३ मिलिलिटर बादलीत घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तो २४ तासांत शून्यावर येऊ लागला की स्पंज तयार. एक नव्हे, दोन मुरवा.

एवढं करूनही तांबं घातल्यावर जिवाणू काही दिवस मंदावतात. तेव्हा अमोनियाचा रंग बदलणारा बॅज काचेला आतून चिकटवलेला असावा. पिवळ्यावरून हिरवट झाला की त्याच दिवशी १० लिटर पाणी बदला. थेंबांचं टेस्ट किट तांब्याच्या पाण्यात खोटा आकडा दाखवू शकतं. आणि अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर तांब्यासोबत कधीही घालू नका. ते तांब्याचं रूपच बदलतं आणि ते जास्त घातक ठरतं. त्यामुळे मीठ कालवलेलं २० लिटर पाणी कायम तयार ठेवावं लागतं. बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं मिसळा, नाहीतर प्रत्येक बदलाला प्रमाण घसरेल.

तांब्यात दोन प्रकार. साधं आयनिक तांबं म्हणजे आपलं मोरचूद. नाशिकला बोर्डो मिश्रणासाठी ते शेती-औषधांच्या दुकानात किलोने मिळतं, म्हणून मोह होतो. ते वापरू नका, त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. शुद्ध मोरचुदाचं गणित सोपं आहे : ३.९३ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातले की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम तांबं. पण आयनिक तांब्याचा पट्टा ०.१५ ते ०.२५ पीपीएम इतका अरुंद, आणि ते सतत तळाशी बसत राहतं, त्यामुळे दिवसातून दोनदा मोजावं लागतं. नोकरी सांभाळून हे जमत नाही. दुसरं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं तांबं. ते २.० ते २.५ पीपीएमवर ठेवायचं असतं आणि ते टिकून राहतं. या टाकीत तेच वापरलं. ब्रँडनुसार पट्टा बदलतो, तेव्हा बाटलीवरचा आकडा प्रमाण माना.

मोजायला हॅनाचं एचआय ७०२, ० ते ५ पीपीएमचं. याच कंपनीचं एचआय ७४७ दिसायला अगदी सारखं, पण ते ९९९ पीपीबीपर्यंतच, म्हणजे एक पीपीएमपर्यंतच मोजतं. मागवताना आकडा नीट वाचा. वापरताना चुका होतात त्या रसायनाच्या पुडीच्या. १० मिलिलिटर टाकीचं पाणी घेऊन आधी शून्य करायचं. मग पुडी कापून टिचक्या मारत शेवटच्या कणापर्यंत रिकामी करायची, बाटली हलवायची, काचेवरचे बोटांचे ठसे आणि पाण्याचे थेंब मऊ फडक्याने पुसायचे आणि बुडबुडा राहिला नाही हे उजेडात धरून बघायचं. बुडबुडा राहिला तर तेच पाणी ०.२-०.३ ने वेगळं दिसतं.

प्रमाण रोज अर्ध्या पीपीएमने वाढवत चार दिवसांत २.० वर न्या. व्हेल्व्हेटचा (अंगावर बारीक पिठासारखा दिसणारा परजीवी) संशय असेल तर एवढा वेळ नसतो, २४ ते ४८ तासांत चढवावं लागतं. दिवस मोजायचे ते २.० गाठल्यापासून, सलग ३०. मधे एकदा जरी प्रमाण खाली घसरलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कारण असं : क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढरे ठिपके, माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस असतो. तिथे आणि नंतर तळावरच्या गाठीत तांबं त्याला काहीच करत नाही. गाठीतून पोहत बाहेर पडलेलं पिल्लूच तांब्याने मरतं. त्या दिवशी प्रमाण कमी असेल तर ते पुन्हा माशाला चिकटतं. ठिपके आठवड्यात गळाले म्हणून औषध थांबवणारे इथेच फसतात. या काळात कार्बन, फेसातून घाण काढणारा स्किमर, यूव्ही दिवा तिन्ही बंद. यूव्हीने चिलेटेड तांब्याचे बंध तुटतात आणि मोकळं तांबं एकदम वाढतं.

रोग ओळखायचा तर खोलीतला दिवा बंद करून बाजूने टॉर्च मारा. पांढरे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, सुटे, मोजता येतील असे दिसतात. व्हेल्व्हेट म्हणजे अंगावर भुरभुरलेलं बारीक पीठ, तिरक्या उजेडात सोनेरी झाक येते. पण पीठ दिसेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो. त्याआधी मासा प्रवाहासमोर तोंड करून राहतो, खाणं सोडतो, श्वास वाढतो. कल्ल्यांची उघडझाप १५ सेकंद मोजून चाराने गुणा, आणि आल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा म्हणजे तुलना होते. क्लाउनच्या अंगावरून पांढरी चिकट साल सुटत असेल तर ते ब्रूक्लिनेला, त्याला तांबं लागू पडत नाही. फॉर्मेलिनचं स्नान द्यावं लागतं : १० लिटर पाण्यात ३७ टक्क्यांचं दीड मिलिलिटर, ४५ मिनिटं, हवा जोरात. हातमोजे घालून, गॅलरीत. हे रसायन कर्करोगकारक आहे. बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरायची नाही. स्नानानंतर मासा जुन्या पाण्यात परत सोडू नका, स्वच्छ टाकीत सोडा.

फ्लूक या चपट्या परजीवी कृमीसाठी प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम. ४७ लिटरला ११७ मिलिग्रॅम, म्हणजे ६०० च्या गोळीचा जेमतेम पाचवा भाग. गोळी चिठ्ठीवरच मिळते. अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून आठवड्याने दुसरी मात्रा. तांब्याचा कोर्स संपल्यावर द्या.

आणताना होणारं नुकसान वेगळंच. मुंबईहून कसारा घाट चढून येईपर्यंत पिशवीत चार-पाच तास सहज जातात. तोवर पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि त्यामुळेच साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून थेंब थेंब पाणी घालत तासभर बसलात तर पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता आधी विचारा, पुष्कळदा ती विशिष्ट गुरुत्वात १.०१९-१.०२० असते. क्वारंटाइनचं पाणी तेवढंच करून ठेवा. पिशवी १५ मिनिटं तरंगवा, मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी फेका. क्षारता नंतर तीन-चार दिवसांत १.०२५ वर न्या.

टाकी मुख्य टाकीपासून वेगळ्या खोलीत हवी. व्हेल्व्हेटचे कण हवेतल्या तुषारांतून ३ मीटरपर्यंत जातात. जाळी, नळी, पुसायचं फडकं वेगळं. वीज गेली तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा हवापंप स्पंजला जोडून ठेवा, दोन फुटी टाकीत प्राणवायू फार लवकर संपतो.

तक्रार एकच, आकाराची. मुख्य टाकीत रोग शिरला तर ती नेहमीच्या तापमानाला ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते, आणि तेवढे दिवस सगळे मासे इथेच. दोन क्लाउन आणि गोबीला चालतं. टँग तिसऱ्या आठवड्यापासून काचेला घासत फिरू लागतो, डॅमसेल बाकीच्यांचे पर कुरतडतात. टँग ठेवणार असाल तर सुरुवातीलाच तीन फुटी करा आणि दुसरा हीटर घ्या, तोही १०० चाच. तांब्याचं पाणी संडासात ओता, कुंड्यांना किंवा नाल्यात नको. तो स्पंज पुन्हा प्रवाळ किंवा कोळंबी असलेल्या टाकीत कधीच जायला नको, म्हणून त्याच्या नळीला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.